नाशिकहून बाहेरगावच्या शूटची ऑफर आहे, अर्धा महिना फिरती. दर कसा लावता तुम्ही लोक?

अंबड_फ्रेम

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, विचारतोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सिडकोत राहतो, व्हिडिओचं काम पूर्णवेळ. लग्नसराईत लग्नं, एरवी सातपूर-अंबडच्या कंपन्या, म्हणजे सेफ्टी व्हिडिओ, नवीन मशिनचा डेमो, वर्धापनदिन, साहेबांचं भाषण असलं सगळं. पोट भरतं, तक्रार नाही. आता मुंबईच्या एका प्रॉडक्शन हाउसने विचारलंय, त्यांच्याकडे एका बियाणं-औषधं वाल्या कंपनीचं वर्षभराचं काम आलंय, शेतकऱ्यांच्या गोष्टी, एकेक चार-पाच मिनिटांची, आणि शेतकरी कुठले तर पंजाब, आंध्र, कर्नाटक, विदर्भ, जिथं कंपनीचा माल जातो तिथले. महिन्यातले अर्धे दिवस तरी घराबाहेर जाणार. त्यांचं म्हणणं शूटच्या दिवसाचे पैसे देऊ, तिकीट राहणं खाणं आमच्याकडे, कॅमेरा लेन्स माइक सगळं तुझं आण.

दर ऐकायला बरा वाटतोय, पण नुसता शूटचा दिवस धरून हिशोब करायचा का? जायचा-यायचा दिवस कोण देतं का? स्वतःच्या कॅमेऱ्याचं भाडं वेगळं मागितलं तर हसतील का? आणि लग्नाच्या पार्ट्या ज्या आता आपणहून फोन करतात त्यांचं काय करायचं? घरी बायकोची नोकरी आहे, मुलगी सिनिअर केजीत, वडिलांना डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितलीय म्हणजे बाजारहाट माझ्याकडे. मित्र म्हणतात फुकटात देश फिरायला मिळतोय, विचार काय करतो. विमानात बॅटऱ्या कशा न्यायच्या तेही कुणीतरी नीट सांगा, मी आजवर गाडीनेच फिरलोय.

गंगापूररोडचा_काका

फुकट देश फिरायला मिळतोय म्हणणाऱ्या मित्राला एकदा ट्रायपॉड उचलायला सोबत ने, परत बोलणार नाही.

मी हे काम बरीच वर्षं केलंय, कंपनी फिल्म आणि एनजीओ दोन्ही, आता गुडघ्यामुळे कमी केलं. तुझा पहिला प्रश्नच खरा प्रश्न आहे, बाकी सगळं त्याच्या मागनं येतं. हिशोब करून बघ. समजा दिवसाचे १२,००० ठरले आणि मिरचीवाला शेतकरी गुंटूरकडचा आहे. पहिला दिवस नाशिक ते हैदराबाद आणि तिथून गाडीने पुढं. दुसरा तिसरा शूट. चौथा परतीचा. पाचवा दिवस घरी बसून डेटा उतरवणं, दोन ठिकाणी कॉपी, लेन्स पुसणं, माइकच्या वायरी सोडवणं, आणि हा दिवस कुणीच धरत नाही बरं का. म्हणजे पाच दिवस गेले आणि हातात २४,०००, दिवसाला ४,८०० पडले. एवढे तर तुला सिडकोतला वाढदिवस देतो आणि रात्री घरी येऊन जेवतोस. आता प्रवासाच्या दोन दिवसांचे अर्ध्या दराने धर, १२,००० वाढले, ३६,००० झाले, दिवसाला ७,२००. तरी पूर्ण नाही, पण काम घ्यावं की नाही याचा विचार निदान सुरू होतो. म्हणून ‘ट्रॅव्हल डे अर्धा’ हे कोटेशनमध्येच लिहायचं, फोनवर सांगून ठेवलेलं कुणाला आठवत नाही. आणि तिसरा शब्द लिहायचा तो म्हणजे थांबल्याचा दिवस. तू तिथं पोचलास आणि पाऊस लागला, किंवा शेतकऱ्याच्या भावकीत कुणी गेलं, तर तू लॉजवर पंखा बघत बसतोस, तो दिवस पूर्ण दराने. हसत नाहीत कोणी. मुंबईवाले हे सगळं मुंबईच्या कॅमेरामनला देतातच, नाशिकचा माणूस मागत नाही म्हणून त्याला देत नाहीत.

कॅमेऱ्याचं भाडं वेगळंच. तुझे हात वेगळे, कॅमेरा वेगळा. त्यांनी अंधेरीत रेंटलवरून घेतला असता तर पैसे मोजलेच असते ना.

आता दुसरी गोष्ट, जी तुला तिथं कुणी सांगणार नाही. शेतीचं कॅलेंडर आणि लग्नाचं कॅलेंडर शेजारी ठेव. आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, लग्नं नाहीत, तुळशीचं लग्न लागलं की आपली सुरू. आणि खरिपाचं सगळं बघण्यासारखं काम नेमकं त्या रिकाम्या महिन्यांत, पंजाबात भाताची लावणी जून-जुलैत, कापणी सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, आपल्याकडे सोयाबीन त्याच सुमारास निघतं, विदर्भात कापूस वेचणी दिवाळीच्या आगेमागे चालू होते. हे घे, डोळे झाकून घे. पण आपली द्राक्षं जानेवारी ते मार्च-एप्रिल, गुंटूरची मिरची त्याच महिन्यांत, पंजाबचा गहू एप्रिलात. हे सगळं भर लग्नसराईत. वर्षभराचा करार आहे म्हणून दोन्हीकडे हो म्हणालास तर फेब्रुवारीत मरशील. त्यांना सांग जुलै ते ऑक्टोबर मी तुमचा, नोव्हेंबर ते मे माझ्याकडे तारीख असेल तर. मान्य केलं तर उत्तम, नाही केलं तर अर्धं काम दुसऱ्याला जाऊ दे, त्यात काही कमीपणा नाही.

भो_कॅमेरा_चालू_का

काका एकदम बरोबर. पण भो, ते दिवसाला ४,८०० वालं गणित घरी बायकोला दाखवू नको, लग्नाचा हंगाम धरून वर्षाचं काढलंस तर याहून वाईट निघतं 😂

रेघोट्या

मी जरा उलटं बोलणारे, राग मानू नका काका.

मी लग्नंच करते, सिनेमॅटिक आणि एडिट दोन्ही. नाशिकमध्ये लग्नाचं काम कुठून येतं बघा, लॉन्सवाला, मेकअपवाली, डेकोरेटर, आणि मागच्या लग्नातल्या करवल्या. इन्स्टावरून येतं म्हणतात पण फोन करण्याआधी तिथं बघतात एवढंच, नंबर मिळतो तो माणसाकडूनच. या साखळीत दोनदा ‘त्या तारखेला मी बाहेर आहे’ सांगितलं की तिसरा फोन येतच नाही. रागावून नाही, त्यांना तेवढ्यात दुसरा सापडलेला असतो. त्यामुळे चातुर्मासात बाहेर जा हे ठीक, पण लोक बुकिंगला येतात तेही चातुर्मासातच! मुहूर्त निघतात, हॉल धरतात, आणि मग व्हिडिओवाला. तेव्हा तू पटियाळ्याकडच्या कुठल्या शेतात असशील आणि फोनला रेंज नसेल. निदान फोन उचलायला आणि भेट घ्यायला इथं कुणीतरी ठेव, भाऊ, मित्र, बायको शक्य असेल तर बायको, आणि त्याला पॅकेजचे दर पाठ पाहिजेत. ‘दादा आले की सांगतो’ म्हणलं की पार्टी गेली.

दुसरं म्हणजे लग्नाचा कॅमेरा चालवणं आणि हे काम यात हाताची सवय वेगळी. आपल्याला अंतरपाट एकदाच मिळतो. मंगलाष्टकं संपताना सगळे उठून उभे राहतात, मधल्या वाटेत चार मामा मोबाइल वर करून, अक्षता लेन्सवर, आणि अंतरपाट खाली येतो त्या दोन सेकंदात नवरीचा चेहरा मिळाला तर मिळाला. त्यामुळे आपण कायम ताणलेले, बोट बटणावर. शेतकऱ्याच्या मुलाखतीत ही घाई केली तर माणूस बोलतच नाही. तुम्हाला जमेल, कंपनीच्या साहेबांची भाषणं केलीयत, पण साहेबांना बोलायची हौस असते, शेतकऱ्याला कामं असतात.

बाईमाणसाच्या बाजूने एक सांगते, विषय निघालाच आहे तर. मी अशी बाहेरगावची कामं घेते पण खोली कुठं आहे, कुणाबरोबर शेअर आहे, रात्रीचा परतीचा प्रवास आहे का हे आधी लिहून मागते, तिकीट काढायच्या आधी. एका ठिकाणी शूट संपलं रात्री अकराला आणि त्यांची गाडी निघून गेलेली, ‘मॅडम रिक्षा मिळेल’ म्हणाले. तेव्हापासून परतीची गाडी कराराच्या पहिल्या ओळीत असते. तुमच्यासोबत असिस्टंट मुलगी असेल तर हे तुम्ही विचारा, तिला विचारायला लावू नका.

गंगापूररोडचा_काका

@रेघोट्या राग कसला, बुकिंगचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता आणि तो बरोबर आहे. माझं लग्नाचं काम सुटलं ते असंच हळूहळू सुटलं असणार.

शेतकऱ्याच्या मुलाखतीवरून आठवलं, @अंबड_फ्रेम हे लिहून ठेव. कंपनीचा माणूस आदल्या दिवशी फोन करून सांगतो की उद्या शूटिंग आहे, मग शेतकरी बिचारा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, दाढी करून, खुर्ची अंगणात टाकून तयार. त्या सदऱ्यावर लेपल माइक (कपड्याला अडकवायचा छोटा) लावलास की श्वास घेतला तरी खसखस येते. माइक आतून बनियनवर लाव, वर मेडिकलवाली पट्टी, नाहीतर सरळ दांडीवरचा बूम माइक. टोपी किंवा फेटा असेल आणि बाराचं ऊन असेल तर डोळ्यात काळोख, समोर जमिनीवर पांढरा रिफ्लेक्टर टाक, तोही नसेल तर त्याच्याच घरातलं पांढरं धोतर. पाण्याची मोटर बंद करायला सांग पण कुणाची पाळी आहे ते आधी विचार, शेजाऱ्याचं पाणी चालू असेल तर तुझ्यामुळे भांडण लागेल. आणि पहिला चहा कॅमेरा बाहेर काढायच्या आधी. चहा पिताना तो जे बोलतो तेच खरं असतं, कॅमेरा लावला की कंपनीच्या माहितीपत्रकासारखं बोलायला लागतो. मी नंतर नंतर चहालाच ऑडिओ रेकॉर्डर चालू ठेवायचो, अर्थात विचारून.

भाषा येत नाही तिथं कंपनीचा स्थानिक माणूस दुभाषी होतो आणि शेतकरी दोन मिनिटं बोलला की हा एका ओळीत सांगतो ‘बोल रहे हैं बहुत अच्छा है’. एडिटला बसल्यावर त्या दोन मिनिटांत काय होतं कुणालाच माहीत नसतं. भाषांतर आणि सबटायटल प्रॉडक्शनची जबाबदारी, हेही लिहून घे.

ओझर_टू_कुठेही

विमानाचं मी सांगतो, दर महिन्याला करतो.

सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत अजिबात नाही, सगळ्या हातातल्या बॅगेत. पॉवर बँक पण तशीच. मोजमाप वॉट-अवरमध्ये, बॅटरीवर लिहिलेलं असतं, नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा प्रश्न येत नाही, १०० ते १६० असेल तर एअरलाइनची परवानगी लागते आणि त्याही दोनच सुट्या, १६० च्या वर प्रवासी सामानात नाहीच. सोनीच्या कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी एफझेड१०० ही १६.४ वॉट-अवरची आहे, म्हणजे अशा कितीतरी चालतात. लाइटसाठी व्ही-माउंट (मोठी ठोकळ्यासारखी बॅटरी) घेणार असशील तर १४.४ व्होल्ट ६.८ अँपिअर-अवरवाली घे, ती ९८ ला बसते, म्हणूनच तो आकडा इतका चालतो. मोठी घेतलीस तर ती फक्त गाडीने जाणाऱ्या कामाला. बॅटरीच्या टर्मिनलवर चिकटपट्टी लाव, किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लास्टिक पाऊचमध्ये. आकडा खोडला गेलेली जुनी बॅटरी घरी ठेव, सिक्युरिटीवाल्याला वाचता आला नाही तर तो ठेवून घेतो आणि त्यात त्याची चूक नाही.

देशांतर्गत साध्या तिकिटावर हातातलं ७ किलो आणि खाली १५ किलो हे धरून चल. बॉडी, लेन्स, बॅटऱ्या, कार्ड, ऑडिओ हातात, ट्रायपॉड, स्टँड, लाइट खाली. ७ किलो दोन लेन्समध्येच होतात, त्यामुळे जादा सामानाचे पैसे प्रॉडक्शनने द्यायचे आणि तिकीट काढतानाच काढायचे, काउंटरवर महाग पडतं. सिक्युरिटीला कॅमेरा बॅग पूर्ण उघडायला लावतात, वेळ धर. ओझरहून विमानं मोजकी, वेळा बदलतात, बऱ्याचदा मुंबईच गाठावी लागते. आता इगतपुरीपासून आमणेपर्यंत समृद्धी ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण आमणेच्या पुढं भिवंडी-ठाण्याची कोंडी तशीच आहे, म्हणून सकाळच्या विमानाला मी आदल्या रात्रीच जातो. पुण्याला जायचं असेल तर चाकणला किती वेळ जाईल हे देवाला ठाऊक, त्यावर कुणाला शब्द देऊ नको.

परदेशी काम आलं तर एवढं लक्षात ठेव, जाताना विमानतळावर कस्टमकडून सामानाचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट घे, सिरियल नंबरसकट, नाहीतर येताना तुझ्याच कॅमेऱ्यावर ड्युटी विचारू शकतात. मोठं सामान असेल तर एटीए कार्ने असतं, म्हणजे सामान ड्युटी न भरता तात्पुरतं परदेशी न्यायचा कागद, आपल्याकडे फिक्की ही उद्योगांची संघटना देते. आत्ता तुला लागणार नाही.

भो_कॅमेरा_चालू_का

आणि ड्रोन? शेतीचं शूट म्हणजे ड्रोन मागणारच की. उडव आणि ये.

ओझर_टू_कुठेही

‘उडव आणि ये’ नको रे भो. २५० ग्रॅमच्या आतला असेल तर पायलट सर्टिफिकेट लागत नाही, त्याच्या वर गेलास आणि पैसे घेऊन उडवतोयस तर लागतं, २०२१ चे ड्रोन नियम आहेत. शिवाय रेड झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला मनाई असलेला भाग, सगळ्यांना, ड्रोन छोटा असला म्हणून सूट नाही. नाशिकमध्ये तर बघायलाच नको, ओझरला एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ, देवळालीला तोफखाना, गांधीनगरला आर्मीचं एअरफील्ड, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. सरकारच्या डिजिटल स्काय साइटवरचा ड्रोनचा नकाशा उघडून बघ, शहराच्या आजूबाजूला मोकळी जागा शोधावी लागते. त्यात पोलीस आयुक्तांचे मनाईचे आदेश वेळोवेळी निघतात ते वेगळंच. बाहेरच्या जिल्ह्यात ड्रोनचं काम तिथल्या परवानाधारक पायलटला द्यायला सांग प्रॉडक्शनला, तुझ्या गळ्यात घेऊ नको. विमानात एक बॅग कमी होते हा फायदा वेगळा.

वहीखाते

मी व्हिडिओवाला नाही, हिशोब बघतो, पाच-सहा कॅमेरावाले माझ्याकडे येतात म्हणून लिहितोय.

तिकीट, हॉटेल, टॅक्सी शक्यतो त्यांनाच बुक करायला सांगा. तुम्ही खर्च करून तुमच्या बिलात टाकला तर तो तुमच्या उलाढालीत दिसतो आणि त्यावरही टीडीएस कापला जातो, म्हणजे स्वतःच्या खिशातून दिलेल्या डिझेलवर टॅक्स कापून घेऊन वर्षाअखेर रिफंडची वाट बघायची. टीडीएस कंत्राट धरून कापणार की व्यावसायिक फी धरून हे आधी विचारा, एकात १ टक्का आणि दुसऱ्यात १० टक्के, हातातल्या पैशात फार फरक पडतो. सेवेला जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागते, राज्याबाहेरच्या पार्टीला बिल दिलं म्हणून त्याआधी लागत नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. कॅमेऱ्याचं भाडं आणि मजुरी एकाच बिलात पण वेगळ्या ओळीत लिहा.

हक्काचंही बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फिल्म केली तर वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो सांगणारा. म्हणजे फुटेज तुमचं नाही, तुमच्या हार्ड डिस्कवर पडलंय म्हणून होत नाही. स्वतःच्या शोरीलमध्ये (कामाच्या नमुन्याच्या व्हिडिओत) दाखवायचं असेल तर एक ओळ करारात घाला, फिल्म प्रसिद्ध झाल्यावर इतके सेकंद वापरायची परवानगी, सहसा देतात. आणि डेटा किती दिवस सांभाळणार तेही लिहा. वर्षाने फोन येतो की ते सगळं रॉ फुटेज आहे ना तुमच्याकडे.

इन्शुरन्स काढला असेल तर त्यातलं बारीक अक्षर वाचा, बऱ्याच पॉलिसीत गाडीत बेवारस ठेवलेल्या सामानाच्या चोरीचे पैसे मिळत नाहीत. ढाब्यावर जेवायला उतरताना बॅग सोबत, लोक हसले तरी.

अंबड_फ्रेम

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काकांचं कॅलेंडर मी रात्री बसून मांडलं, गेल्या हंगामाच्या डायरीतल्या तारखा एका बाजूला आणि त्यांनी दिलेली पिकांची यादी दुसऱ्या बाजूला. जवळपास निम्मं काम जुलै ते ऑक्टोबरमध्ये बसतंय. त्यांना तसं लिहून पाठवलं, ट्रॅव्हल डे अर्धा, थांबल्याचा दिवस पूर्ण, कॅमेऱ्याचं भाडं वेगळं, तिकिटं त्यांची. त्यांचा फोन आला, ट्रॅव्हल डे लगेच मान्य, अगदी सहज, मलाच कसंतरी वाटलं. कॅमेऱ्याच्या भाड्यावर घासाघीस चालू आहे. थांबल्याच्या दिवसाला म्हणतात पावसाचा दिवस आमच्या हातात नाही. मी म्हणलं माझ्याही नाही.

@रेघोट्या ताई, फोन उचलायला मेहुणा तयार झालाय, तो लॉन्सवाल्यांना ओळखतो, दर मी कागदावर काढून देतो.

आता दोन प्रश्न उरले. डेटा किती जागा खाईल, त्यांना ४के पाहिजे. आणि जुलैत बाहेर म्हणजे पाऊस, माझी एक लेन्स आधीच बुरशीच्या वाटेवर आहे.

ओझर_टू_कुठेही

डेटाचं गणित सोपं, कॅमेऱ्यात रेकॉर्डिंगचा वेग १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) ठेवला तर तासाला ४५ जीबी, २०० ला ९०. एका शेतकऱ्यामागे मुलाखत आणि शेतातलं मिळून तीन-चार तास रेकॉर्डिंग धरलंस तर १०० वर दीड-पावणेदोनशे जीबी. दोन शेतकरी, दोन कॉप्या, म्हणजे एक-एक टीबीच्या दोन एसएसडी पुरतात, आणि दोन्ही एकाच बॅगेत ठेवायच्या नाहीत, एक तुझ्याकडे एक प्रॉडक्शनच्या माणसाकडे. कॉपी तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही. दोन स्लॉटचा कॅमेरा असेल तर दोन्हीवर एकदम रेकॉर्ड. आणि सेकंदाला २५ फ्रेम, १/५० शटर ठेव, त्यांचा एडिटर ३० मागेल कदाचित, तर तेव्हाही शटर १/५० किंवा १/१००. आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० ठेवलंस तर शेतकऱ्याच्या घरातल्या ट्यूबलाइटखाली पट्टे फिरताना दिसतील आणि ते मॉनिटरवर लक्षात येत नाहीत.

गंगापूररोडचा_काका

पावसाचं मी सांगतो, इगतपुरी-घोटीत भर पावसात कामं केलीयत. एसी खोलीतून किंवा एसी गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढलास की काचेवर वाफ धरते, आतून धरली तर अर्धा तास काही करता येत नाही. रात्री खोलीत एसी असला तरी बॅग बाथरूमच्या बाजूला कोपऱ्यात, एसीच्या झोतात नको, आणि निघायच्या आधी गाडीचा एसी बंद करून काचा खाली. बॅग बंदच ठेवून बाहेरच्या हवेला येऊ द्यायची, मग उघडायची. घरी ड्राय कॅबिनेट घे, ४०-५० टक्क्यांवर ठेव, खूप कोरडंही चांगलं नाही. ते परवडत नसेल तर झाकणाचा घट्ट डबा आणि सिलिका जेल, पण ती दर काही दिवसांनी तव्यावर गरम करून वाळवायची, नुसती टाकून ठेवलेली दोन आठवड्यांत शोभेची होते. बुरशीच्या वाटेवरची लेन्स बाकीच्यांबरोबर ठेवू नको, आधी साफ करून आण.

आणि पावसाच्या दिवसाबद्दल त्यांना असं विचार, हॉटेलवाला पाऊस पडला म्हणून खोलीचं भाडं सोडतो का?

रेघोट्या

@अंबड_फ्रेम मेहुण्याला एक सांगून ठेवा, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखा कुणाला देऊ नये. ३१ ऑक्टोबर २०२६ ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, २०२७ मध्ये २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्टला अमृतस्नान, तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकला १२ ला. वैष्णव आखाडे इथं रामकुंडावर आणि शैव त्र्यंबकला कुशावर्तावर, म्हणजे पहिल्या दोन स्नानांना एकाच दिवशी दोन्हीकडे कॅमेरे लागणार आणि मधले रस्ते बंद, एक टीम दोन्हीकडे जाऊ शकणार नाही. बाहेरची चॅनेल, डॉक्युमेंटरीवाले सगळे इथलाच माणूस शोधणार, ज्याला पंचवटीतल्या गल्ल्या माहिती आहेत आणि ज्याचं घर इथं आहे. तेव्हा तुम्ही पंजाबात भाताच्या शेतात नको. करारात त्या दोन महिन्यांची सुट्टी आत्ताच लिहून टाका, त्यांना कारण सांगितलं तरी चालेल, तेच तुम्हाला तेव्हा काम देतील कदाचित.

भो_कॅमेरा_चालू_का

ताई, २०१५ ला मी रामकुंडावर होतो, पास असूनही पोलिसांनी ट्रायपॉड आत नेऊ दिला नाही, सगळं हातात धरून केलं. मोनोपॉड घ्या सगळ्यांनी आत्ताच, तेव्हा बाजारात मिळणार नाही.

अंबड_फ्रेम

लिहिलं. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२७ नाशिकबाहेर नाही, असं कराराच्या मसुद्यात घालून पाठवलं. उत्तर आलंय, ‘ओके, तेव्हा तुमच्याकडे दोन कॅमेऱ्यांची टीम होईल का?’ @भो_कॅमेरा_चालू_का भाऊ, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघ. थांबल्याच्या दिवसावर ते अर्ध्या दरावर आलेत, काका, हॉटेलवालं वाक्य वापरलं. अजून एक फोन बाकी आहे.

गंगापूररोडचा_काका

अर्ध्यावर थांबू नको. पाऊण माग.